पांढरीतली दोन बोंडली

“कुदळ हळू मार, लंका. हितं आदी कुनी निजलेलं असंल, त्याला लागायला नको.”

सासू बनुबाईला जाऊन आता वीस वर्षं होतील आणि हे बोलणं तर अडतीस वर्षांमागचं. पण लंकाबाईच्या कानात ते जसंच्या तसं होतं. रोज दिवेलागणीला ती पांढरीचं टेकाड चढायची. एका हातात पणती, दुसऱ्या हातात काडेपेटी. बाभळीच्या बुडाशी टेकली, वाऱ्याला पदराचा आडोसा केला, की आधी ते वाक्य ऐकू यायचं आणि मग वात लागायची. एकादशी असो, अंगात ताप असो, नेम चुकला नाही.

पांढर म्हणजे नांदरीचं जुनं टेकाड. प्रवरेच्या काठाला, दोन पुरुष उंच, राखेच्या रंगाचं. त्याची माती भिजली की लोण्यासारखी हाताला लागायची. गावातल्या साऱ्या जुन्या भिंती तिनंच लिंपलेल्या. उसाला जोर येतो म्हणून आधी बैलगाड्या आणि पुढं ट्रॉल्या भरभरून ती माती वावरांत गेली. कडांनी कुरतडलेल्या भाकरीसारखं टेकाड झालं. मधला भाग तेवढा शाबूत राहिला, कारण तिथं बाभूळ होती आणि लंकाबाईचा दिवा होता. म्हातारीचं काहीतरी दैवत आहे तिथं, असं लोक म्हणत. ती हो म्हणत नसे, नाहीही म्हणत नसे.

मागल्या साली नांदरीची नगरपंचायत झाली. गावाचा आराखडा निघाला. आणि फाल्गुनातल्या एका सकाळी लंकाबाई ओट्यावर बाजरी पाखडत असताना तिचा पुतण्या कल्याण काखेत नकाशाची गुंडाळी घेऊन आला. कल्याण त्या वॉर्डाचा नगरसेवक.

“काकू, बाभळीचं काय पूजापाणी असंल तर चार दिवसांत उरकून घ्या. सोमवारी जेसीबी येतोय.”

“कशाला रं?”

“मंडई बांधायचीय पांढरीवर. आराखड्यात आरक्षण पडलंय. बासष्ट ओटे, वर पत्रा, मधी पान्याचा नळ.”

शेजारची छबूबाई तिथंच मेथीच्या जुड्या बांधत होती. तिनं मान वर केली. “बासष्टातला एक माझ्या नावाचा धर बाबा. रस्त्याच्या कडंला बसून बसून टाळू तव्यावानी झालीय. नळाशेजारचाच दे.”

“मावशी, तुमाला पयला.”

“पयला म्हनतोस आन् पत्रा चढला की मेव्हन्याला देतोस. वळकून हाय मी तुला. लंगोटात हुतास तवापासून माझी गाजरं पळवीत आलाईस.”

कल्याण हसला. लंकाबाईच्या हातातलं सूप मात्र थांबलं होतं.

“आन् टेकाड?” तिनं विचारलं.

“सपाट करायचं. त्याबिगर पाया कसा घेनार?”

“त्यात जुनं-पुरानं असतंय म्हनत्यात.”

“ते जुन्या वस्तूंवाले येऊन गेले की, दिवाळीच्या सुमाराला. दिसभर हिंडले, घमेलंभर खापरं गोळा केली. म्हनले, कडंची समदी माती गाववाल्यांनीच उकरून नेलीय, हितं जागच्या जागी काय ऱ्हायलेलं दिसत न्हाई. एक राजनंदिनी म्हनून पोरगी हुती पुण्याची, ती तेवढी चुटपुटत हुती. नंबर देऊन गेली. जागच्या जागी पुरलेली एक जरी वस्तू दावली तरी मी काम थांबवीन म्हनली.” त्यानं नकाशा दुसऱ्या काखेत घेतला. “आता कोन दावनार?”

लंकाबाईनं सूप खाली ठेवलं. दावणारं माणूस तीच होती. दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

*

त्या श्रावणात प्रवरा दोन्ही थड्या भरून चालली होती. पूल पाण्याखाली. लंकाबाईचा नवरा गोरक्षनाथ पल्याडच्या साखर कारखान्यात मशिनरीच्या दुरुस्तीला गेलेला, तो तिकडंच अडकला. इकडं सात महिन्यांची सुकन्या दोन दिवसांच्या जुलाबानं पहाटे गेली.

एवढ्या लेकराला अग्नी देत नाहीत. मातीच्या ओटीत ठेवतात, आणि ते काम बाप्यांचं. शेजारच्या बाप्यांना हाक मारायला निघालेल्या सुनेला बनुबाईनं दारातच धरलं.

“बाप्ये घाई करत्यात,” ती म्हणाली. “आपन ठेवू.”

दोघी भुरभुर पावसात पांढर चढल्या. बाभळीखाली खणायला घेतलं. गुडघाभर गेल्यावर कुदळ बद्द वाजली. बनुबाईनं ती बाजूला टाकली आणि हातानं माती सारली. तांबडी दोन मडकी आडवी निजवलेली, तोंडाला तोंड लावून. अंगावर काळ्या रेघा, कुणीतरी जीव लावून ओढलेल्या. एकाचा काठ फुटला होता. आत बोटाएवढाली हाडं होती. आणि मडक्याच्या कुशीला, मुठीत मावेल असं, तोटीचं एक मातीचं भांडं.

“बोंडलं हाय गं,” बनुबाई म्हणाली.

नवरा गेला तेव्हाही जी चारचौघांत रडली नव्हती, ती बाई चिखलात फतकल मारून बसली. “कुन्या आईनं ठेवलंय बघ. वाटंनं लेकराला भूक लागंल म्हनून.”

सुकन्येला दूध पाजायचं पितळेचं बोंडलं पहाटेपासून लंकाबाईच्या मुठीत तसंच होतं. ते सोडवून घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. आता सासूनं हळूच बोटं उलगडली, बोंडलं घेतलं, आणि लेकराला त्या मडक्यांच्या शेजारी निजवून कुशीला ठेवून दिलं. मग माती लोटली. फुटक्या काठावर आधी आपला खण टाकला, वर माती.

“आता तुझी एकटी न्हाई,” ती म्हणाली. “आन् ती दुसरीबी एकटी न्हाई. किती वर्सं एकटी हुती कुनाला ठावं. दोघींचा एकच दिवा लावायचा. मी हाय तवर मी लावीन, माझ्यामागं तू. आन् ह्या दोघींची ताटातूट व्हऊ द्यायची न्हाई. म्हन.”

“न्हाई व्हऊ देनार,” लंकाबाई म्हणाली होती.

*

कल्याण गेल्यावर ती गोठ्यामागं गेली. गोरक्षनाथ गाईला कडबा तोडत होता. सत्तरीला आलेला माणूस, बोलायला आधीपासूनच कमी.

“पोरीला कुठं ठेवलीय, ते तुमी कधी इचारलं न्हाई,” ती म्हणाली.

कोयता थांबला. “इचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मग मला रोज तिथं जावं लागलं असतं.” तो पुढं म्हणाला, “मी हितनं दिवा बघत हुतो की. रोज. तेवढंच झेपत हुतं.”

तिनं त्याला सारं सांगितलं. दोन मडकी, बोंडलं, सासूला दिलेला शब्द. गाईनं त्याच्या हातातला कडबा ओढला तरी त्याला कळलं नाही.

“दावू का त्या पोरीला?” तिनं विचारलं. “दावावं तर आपल्या हातानं उकरायचं. न दावावं तर जेसीबी हायेच.”

“आई असती तर काय म्हनली असती?”

“कुदळ हळू मारा म्हनल्या असत्या.”

“मग तसं सांग त्या पोरीला,” गोरक्षनाथ म्हणाला आणि कोयता उचलला.

*

कल्याणकडच्या नंबरावर फोन लावला आणि राजनंदिनी दुसऱ्या दिवशी दुपारलाच आली. सव्वीस-सत्तावीसची असेल, उन्हानं रापलेली, केसांत माती. लंकाबाईनं बाभळीपाशी बोट दाखवलं. एवढंच म्हणाली, हितं दोन मडकी हायत, मी पाह्यलीत, कुदळ हळू मारा. शेजारी काय आहे ते तिच्या तोंडून निघालं नाही. ते उकरल्यावर आपोआप कळेल, असं तिनं मनाशी धरलं. तिची चूक झाली म्हणायची तर ही एवढीच.

“कुदळ लावणारच नाही, आज्जी,” राजनंदिनी म्हणाली. “ब्रशनं करू.”

तिनं कुठं कुठं फोन केले. काम बारा दिवस थांबवल्याचा कागद आला. जेसीबी टेकाडाच्या पायथ्याला मान खाली घालून उभा राहिला. पोरीच्या हाताखालचे चौघं सुतळ्या बांधून चौकोन पाडू लागले आणि सगळी नांदरी बघायला लोटली. छबूबाई आली ती कमरेवर हात देऊन.

“लंकाबाय, तुझ्या खापराच्या पायी माझी सावली लांबली बघ.”

“बारा दिस तर हायत.”

“बारा दिसांत मी वाळून चालले. मग मलाच पुर हितं. म्हंजी म्होरच्यांना मी गावंन. म्हनतील, हिच्या हातात मेथीची जुडी कशी काय.”

बाया हसल्या. लंकाबाईही ओठातल्या ओठात हसली. पण ती रोज उजाडता तिथं यायची, चौकोनाच्या कडेला पोतं टाकून बसायची, तोंडानं नाम घेत. पोरांनी दिलेला चहाही ती बाजूला ठेवायची. मडकी निघेपर्यंत तिनं एकभुक्त धरलं होतं.

सहाव्या दिवशी मडक्याची तांबडी पाठ दिसली. राजनंदिनी पोटावर आडवी झाली. तासभर ती नुसता ब्रश फिरवत होती. उठली तेव्हा तिचा आवाज पार खाली गेला होता.

“तीन हजार वर्षं, आज्जी. कमीत कमी.”

लंकाबाईनं हात जोडले. “तिच्या आईचं वय काय असंल तवा?”

हा प्रश्न पोरीला आजवर कुणी केला नव्हता. मग तिनं दोन बोटांनी ते तोटीचं भांडं दाखवलं. “ही अशी भांडी आम्हांला मिळतात. कशाची असावीत यावर आमच्यात वाद आहे. पूजेची म्हणतात, तेलाची म्हणतात.”

“वाद कसला त्यात. बोंडलं हाय ते. तोटी बघ ना, लेकराच्या व्हटात बसंल एवढीच हाय.”

राजनंदिनीनं वहीत लिहून घेतलं. लंकाबाईला वाटलं, झालं. जागच्या जागी सापडलं. आता टेकाड राहील, बाभूळ राहील, दोघी वर माती ओढून पुन्हा निजतील.

दुपारी ब्रशाखाली हिरवं काहीतरी दिसलं. पितळ. हिरवा कळंक चढलेलं, पण घडण ओळखू यावी असं. शेजारची माती थोडी काळसर होती. बाकी काही उरलं नव्हतं. मडक्याच्या आडोशाशिवाय ठेवलेल्या सात महिन्यांच्या जिवाचं अडतीस वर्षांत काय उरणार.

“हे इथं कसं?” राजनंदिनीचा चेहरा उतरला. “हे पितळ तर आत्ताचं आहे.”

“माझ्या पोरीचं हाय,” लंकाबाई म्हणाली. आणि मग सगळं म्हणाली.

पोरगी ऐकताना खाली बसली. हातातला ब्रश तिनं मांडीवर ठेवला. मग ती एकेक शब्द निवडून बोलू लागली. “आज्जी, न हललेली वस्तू हवी होती. इथं तुमचा खड्डा पडलाय. वरचे लोक म्हणतील, ही जागा आत्ता आत्ता उकरलेली आहे, हा पुरावा नाही. बाकी तीन चौकोनांत तर काहीच नाही, सगळी माती वावरांत गेलेली.”

“माझा हात लागला म्हनून ते जुनं ऱ्हायलं न्हाई व्हय?”

“जुनंच आहे. पण ते कागदावर टिकायला पाहिजे.” तिनं इकडंतिकडं पाहिलं. पोरं पलीकडं जेवायला बसली होती. “मी हे पितळेचं लिहिलंच नाही तर? फक्त मडकी लिहीन. तुमचा खड्डा नव्हताच, असं धरू. टेकाड वाचेल कदाचित. मी आजवर असलं काही केलेलं नाही. तुम्ही म्हणालात तर करीन.”

लंकाबाई उठली. टेकाड उतरून खालच्या नळावर गेली. हातपाय धुतले, चूळ भरली, ओला हात डोळ्यांवरून फिरवला. एक शब्द गिळला की टेकाड राहणार होतं, दिवा राहणार होता, सासूला दिलेला शब्द राहणार होता. आणि त्याच्याखाली सुकन्या नव्हतीच, असं कागदावर राहणार होतं. जन्माची नोंद तिची कुठं झाली नव्हती, मरणाची तर नाहीच. तिच्या नावानं कुठं काही होतं तर तो एक दिवा आणि हे बोंडलं.

ती परत वर आली तेव्हा राजनंदिनी तशीच बसलेली होती.

“ल्ही,” लंकाबाई म्हणाली. “दोघीबी ल्ही. अडतीस वर्सं जिला आमी सासू-सुनांनी दिवा लावला, ती न्हवतीच म्हनून कसं सांगू? माझी जीभ वळायची न्हाई, बाई.”

राजनंदिनीनं वही उघडली. खड्डा क्रमांक एक. मातीचं बोंडलं. त्याखाली पितळी बोंडलं. आणि मग, नियमात बसत नसताना, तिनं विचारलं, “नाव काय होतं?”

“सुकन्या.”

तिनं तेही लिहिलं.

*

अकराव्या दिवशी कागद आला. कल्याण तो घेऊन ओट्यावर बसला. नेहमी दारातूनच बोलायला लागणारा माणूस, त्या दिवशी त्यानं आधी चपला काढल्या.

“काकू, ल्हिलंय की जागा आदीच उकरलेली हाय. निघालेल्या वस्तू काढून न्याव्यात आन् जागा कामाला मोकळी करावी.” त्यानं कागदाची घडी घातली. “मला ठावं नव्हतं, काकू. सुकन्या तिथं हाय ते. आईशपथ ठावं नव्हतं.”

“तुला कसं ठावं असंल बाबा. तू तवा रांगत हुतास.”

राजनंदिनीनं मडकी कापसात गुंडाळली, पेटीत बसवली. मातीचं बोंडलं वेगळ्या डबीत ठेवलं. पितळेचं तिनं लंकाबाईच्या ओंजळीत दिलं. ते घरचं म्हणून तिला परत देता येत होतं. बाभळीखालची ती काळसर माती लंकाबाईनं आधीच ओटीत भरून तुळशीत घातली होती.

“पुण्याला नेतीस?” तिनं पेटीवर हात ठेवून विचारलं.

“हो. नीट राहील तिथं. तुम्ही कधीही या बघायला.”

“दिवा?”

राजनंदिनीनं मान हलवली. “आत दिवा लावू देत नाहीत, आज्जी.”

गाडी गेली. लंकाबाई फुफाट्यात उभी राहिली, एका पोरीचं बोंडलं हातात आणि दुसरीचं गाडीत. मडक्याला तीन हजार वर्षं कुणी हलवलं नव्हतं. तिनं सांगितलं म्हणून ते हललं.

पांढर चार दिवसांत गेली. पहिल्या दिवशी बाभूळ. पांढरा फुफाटा सगळ्या गावावर बसला, पाण्याच्या हंड्यावर, भाकरीवर, तुळशीच्या पानांवर. लंकाबाई दिवसातून तीनदा तुळस धूत होती. चौथ्या दिवशी छबूबाई येऊन तिच्याशेजारी बसली.

“मला सांगितलं असतंस तर,” छबूबाई म्हणाली, “मी उनात बसले असते गं. जल्मभर बसलेच की.”

“तुझं काय चुकलं त्यात.”

“तसं न्हाई. मी तिथं हसत हुते.” तिनं पदरानं नाक पुसलं. सावलीचं नाव तिनं परत काढलं नाही.

*

चैत्र सरत आला. मंडईचे खांब उभे राहिले. लंकाबाई सांजच्याला जाऊन खांबांच्या कडेला, बाभूळ असावी अशा अंदाजानं, पणती ठेवून यायची. गवंडी पाय वाचवून चालायचे. पण दिवा लावून परतताना तिला रोज एकच वाटायचं, की इथं कुणी नाही. एक तुळशीत आली आणि दुसरी पुण्याला.

एका मंगळवारी ती भल्या पहाटे न्हाली. तुळशीला पाणी घातलं, प्रदक्षिणा घातली, तुळशीतली चिमूटभर माती कागदात बांधली. पितळेच्या बोंडल्यावरचं हिरवं तिनं चिंचेनं घासलं नव्हतं, तसंच राहू दिलं होतं. ते तिनं सासूच्या मागं राहिलेल्या एका जुन्या खणात गुंडाळून पिशवीत घातलं. वर दोन भाकरी आणि राजनंदिनीनं पत्ता लिहून दिलेली चिठ्ठी.

गोरक्षनाथ बाजेवर उठून बसला होता.

“पेटीत दुसरं काय ठिवता येत न्हाई म्हनली ना ती पोरगी, फोनवर?”

“ठिवायचं न्हाईच. शेजारी टेकवीन घटकाभर. दोघींची भेट व्हईल.”

“आन् मग?”

“मग घेऊन येईन. म्होरच्या महिन्याला परत जाईन. जमंल तवर जाईन.”

“एकली जाशील? नगरला गाडी बदलावी लागती.”

“इचारत इचारत जाईन. माझ्यासंगं हाय की ही.” तिनं पिशवीवर हात ठेवला. उंबऱ्यात ती क्षणभर थांबली. “सांजच्याला मला यायला उशीर व्हईल. दिवा…”

गोरक्षनाथानं टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. “वात किती ठिवतीस?” त्यानं विचारलं.

“एकच. दोघींना एकच.”

त्यानं मान डोलावली.

एसटीचा थांबा मंडईच्या पलीकडं. सगळे लोक आता खांबांच्या मधूनच तिरके जातात, वाट जवळ पडते. लंकाबाई कडेकडेनं गेली, वळसा घालून. पिशवी उराशी धरलेली, आणि पाऊल हळू.